जहाजावरील अधिकारी-प्रशिक्षण आणि भरतीचे दलाल : प्रवेशापूर्वी काय तपासावे?

बारावीचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत एकच विषय निघतो : मुलाने वा मुलीने आता पुढे काय करावे? विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेल्या अनेकांच्या मनात मर्चंट नेव्हीचा, म्हणजेच व्यापारी जहाजांवरील नोकरीचा विचार येतो. वेतन चांगले, जग पाहावयास मिळते आणि तरुण वयातच घराला हातभार लागतो. हे आकर्षण रास्त आहे. परंतु निकालाच्या त्याच दिवसांत आणखी एक व्यक्ती घराच्या ओटीवर येऊन बसते. ती म्हणते, "मुलाला अधिकारी करायचे माझ्याकडे लागले. कंपनीत माझी ओळख आहे. फक्त आठ दिवसांत पैसे भरावे लागतील."

अशा व्यक्तीशी कसे वागावे, हा या लेखाचा विषय आहे. सर्वच मध्यस्थ लबाड असतात, असे म्हणण्याचा हेतू नाही. परंतु एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करावीशी वाटते. अभ्यासक्रमाची निवड आणि मध्यस्थाची निवड ही दोन वेगळी कामे आहेत आणि पहिले काम दुसऱ्याच्या हाती सोपविणे हीच बहुतेक फसवणुकीची सुरुवात असते. कोणती वाट आपल्यासाठी आहे, तिला किती वर्षे लागतात, खर्च किती, अखेरीस कोणते प्रमाणपत्र मिळते, हे कुटुंबाने आधी स्वतः समजून घेतले, तर भरती करणाऱ्याच्या बोलण्यातील खरेखोटे ओळखणे अवघड राहत नाही.

विश्वासाची जुनी रीत

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाजाचे दर्याशी नाते जुने आहे. गोव्याहून मुंबईत आलेले खलाशी जहाज मिळेपर्यंत धोबीतलाव परिसरातील कूडांमध्ये राहत असत. एकेका गावाची एकेक कूड असे. कोणत्या जहाजावर माणसे हवी आहेत, कोणता कप्तान चांगला, ही माहिती तेथे तोंडोतोंडी पसरत असे. गावचा मनुष्य गावच्या मनुष्याला कामाला लावीत असे आणि त्या शब्दाला किंमत होती, कारण शब्द मोडणाऱ्याला पुन्हा त्याच गावात तोंड दाखवावे लागे.

आज परिस्थिती बदलली आहे. अधिकारी होण्यासाठी प्रवेश परीक्षा, मान्यताप्राप्त संस्था आणि शासकीय नोंदणी आवश्यक झाली आहे. ओळखीने या गोष्टी मिळत नाहीत. तथापि "आपलाच माणूस आहे" हा जुना विश्वास मनात तसाच राहिला आहे आणि अप्रामाणिक दलाल नेमका त्याचाच उपयोग करून घेतो. तो कधी दूरचा नातेवाईक असतो, कधी स्वतः काही वर्षे जहाजावर काम केलेला असतो, कधी रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात भेटणारा परिचित असतो. त्यामुळे त्याच्याकडे कागद मागण्याचा संकोच वाटतो. हा संकोच बाजूला ठेवणे ही पहिली पायरी होय.

अधिकारी होण्याच्या वाटा

भारतात या शिक्षणाची परंपरा मोठी आहे. 1927 साली मुंबईत 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजावर भारतीय तरुणांना अधिकारीपदाचे शिक्षण देण्यास प्रारंभ झाला. पुढे 1972 मध्ये 'राजेंद्र' हे जहाज आले आणि 1993 मध्ये नवी मुंबईत 'चाणक्य' ही किनाऱ्यावरील संस्था उभी राहिली. 2008 साली संसदेच्या कायद्याने भारतीय सागरी विद्यापीठाची स्थापना झाली. त्याचे मुख्यालय चेन्नई येथे असून मुंबई व नवी मुंबई येथेही त्याची केंद्रे आहेत.

जहाजावर अधिकाऱ्यांच्या दोन मुख्य शाखा असतात : जहाज चालविणारी नाविक शाखा, जिला डेक म्हणतात, आणि यंत्रे सांभाळणारी अभियांत्रिकी शाखा. बारावीनंतर या शाखांकडे जाणाऱ्या तीन प्रमुख वाटा आहेत.

पहिली, नॉटिकल सायन्समधील एक वर्षाची पदविका, जिला डी. एन. एस. म्हणतात. हे वर्ष संपल्यावर अठरा महिने जहाजावर डेक कॅडेट म्हणून प्रशिक्षण घ्यावे लागते. दुसरी, नॉटिकल सायन्समधील तीन वर्षांची बी. एस्सी. पदवी. तिच्यानंतर जहाजावरील प्रशिक्षणाचा काळ बारा महिन्यांचा असतो. तिसरी, मरीन इंजिनिअरिंगमधील चार वर्षांची बी. टेक. पदवी, जी यंत्रशाखेकडे नेते. या तिन्ही वाटांसाठी भारतीय सागरी विद्यापीठाची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या विषयांत मिळून सरासरी साठ टक्के गुण आणि दहावी वा बारावीला इंग्रजीत पन्नास टक्के गुण ही सर्वसाधारण पात्रता आहे. वयाची अट व सवलती यांत वेळोवेळी बदल होतात. त्या त्या वर्षीच्या अधिकृत माहितीपत्रकातच पाहाव्यात. मेकॅनिकल इंजिनिअर झालेल्यांसाठी पदवीनंतरचा वेगळा अभ्यासक्रम आहे.

केवळ पदवी वा पदविका मिळाल्याने कोणी अधिकारी होत नाही, ही गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते. जहाजावरील ठरावीक काळ पूर्ण करून, त्याची नोंदवही भरून, शासनाची सक्षमता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. नाविक शाखेत सेकंड मेटचे प्रमाणपत्र हातात आल्यावरच तरुण थर्ड ऑफिसर म्हणून उभा राहू शकतो.

याखेरीज जी. पी. रेटिंग हा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. तो दहावीनंतरही करता येतो. परंतु तो खलाशी होण्याचा अभ्यासक्रम आहे, अधिकारी होण्याचा नव्हे. खलाशाचे काम सन्मानाचे आहे, यात शंका नाही. खलाशाला पुढे अधिकारी होण्याची वाटही आहे, मात्र ती दीर्घ असून तिच्यावरही परीक्षा द्याव्या लागतात. "आता रेटिंग करा, वर्षभरात ऑफिसर करतो," असे जो सांगतो, तो खरे सांगत नाही.

दलालाला जागा कोठे मिळते?

प्रवेशाचे नियम इतके स्पष्ट असताना दलालाची गरज का भासते? याचे कारण जहाजावरील प्रशिक्षणाच्या जागेत आहे. प्रत्येक जहाजावर कॅडेटसाठी मोजक्याच खोल्या असतात आणि त्याला शिकविण्याचा भार कंपनीला उचलावा लागतो. त्यामुळे वर्गात शिकून बाहेर पडणाऱ्यांची संख्या आणि जहाजांवर उपलब्ध असलेल्या जागा यांचा मेळ नेहमीच बसत नाही. शिक्षण पूर्ण करून जहाजाची वाट पाहत महिनोन्महिने घरी बसलेला तरुण हा दलालाच्या दृष्टीने सर्वांत सोपे सावज ठरतो. बँकेचे कर्ज डोक्यावर असते, शेजारी विचारीत असतात, "अजून जहाज नाही मिळाले?" अशा वेळी कोणी "पाच लाखांत जहाज देतो" म्हणाले, तर विवेकावर पडदा पडतो.

सबब अभ्यासक्रम निवडताना विचारावयाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न इमारत वा गणवेश यांविषयीचा नसून पुढील आहे : "प्रशिक्षणासाठी जहाज कोण देणार आणि तसे लेखी कोण देतो?" डी. एन. एस. अभ्यासक्रमात शिपिंग कंपनीचे प्रायोजकत्व असते. प्रवेश परीक्षेनंतर कंपनी स्वतःची चाचणी व मुलाखत घेते आणि मग प्रायोजकत्वाचे पत्र देते. हे पत्र मूळ स्वरूपात पाहावे. त्यावर जहाज-प्रशिक्षणाची हमी आहे की "जागा उपलब्ध असल्यास" असे शब्द आहेत, हे बारकाईने वाचावे. त्या तीन शब्दांवर घरातील तीन वर्षांचे भवितव्य अवलंबून असते.

चार आश्वासने आणि त्यांची पडताळणी

दलालांची भाषा सर्वत्र जवळजवळ सारखीच असते. तिच्यातील चार वाक्ये ओळखून ठेवावीत.

"प्रवेश परीक्षेची गरज नाही." वर सांगितलेल्या तिन्ही अभ्यासक्रमांना परीक्षा आवश्यक आहे. ती टाळून प्रवेश देतो म्हणणारा एकतर दुसराच अभ्यासक्रम विकत आहे किंवा मान्यता नसलेली संस्था दाखवीत आहे.

"संस्था सरकारमान्य आहे." मान्यता देण्याचा अधिकार केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाला, म्हणजेच लोक ज्याला डी. जी. शिपिंग म्हणतात त्या कार्यालयाला आहे. मान्यताप्राप्त संस्थांची व त्यांच्या अभ्यासक्रमांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. केवळ संस्थेचे नाव पाहून थांबू नये, आपल्याला हवा असलेला अभ्यासक्रम त्या नावापुढे आहे की नाही, हे पाहावे. एखाद्या संस्थेला लहान सुरक्षा-अभ्यासक्रमांची मान्यता असते आणि ती त्याच मान्यतेचा फलक लावून भलतेच काही शिकविते.

"आमच्याकडे भरतीचा परवाना आहे." भारतातून जहाजांवर माणसे पाठविणाऱ्या संस्थेला महासंचालनालयाकडून भरती व नियुक्ती सेवेचा परवाना घ्यावा लागतो. त्याला आर. पी. एस. एल. म्हणतात आणि त्याला क्रमांक असतो. हा परवाना संस्थेचा असतो, गावातील मध्यस्थाचा नव्हे. क्रमांक मागून घ्यावा, तो अधिकृत यादीत शोधावा आणि यादीतील कार्यालयाशी आपण होऊन संपर्क साधावा. दलालाने दिलेल्या दूरध्वनीवर चौकशी केल्यास उत्तर दलालाचाच साथीदार देण्याचा संभव असतो. "अमुक गृहस्थ आपल्या वतीने पैसे घेतात काय?" हा एक प्रश्न पुष्कळदा पुरेसा ठरतो.

"कागदपत्रे आम्ही करून देतो." नाविकाचा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक, ज्याला इंडोस म्हणतात, आणि सी. डी. सी. हे नाविकाचे पुस्तक, या दोन्हींसाठी उमेदवार स्वतः अर्ज करू शकतो. जेथे परदेशी राष्ट्राचे सी. डी. सी. "दोन दिवसांत" मिळण्याचे आमिष दाखविले जाते किंवा न केलेल्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दिले जाते, तेथून तत्काळ उठावे. खोट्या कागदावर केलेली समुद्रसेवा पुढे परीक्षेसाठी ग्राह्य धरली जात नाही आणि कागद ज्याच्या नावाचा, त्याच्यावरच कारवाईचा प्रसंग येतो. दलाल त्या वेळी कोठेच नसतो.

पैसा कशासाठी द्यावा, कशासाठी देऊ नये?

या बाबतीत कायदा पालकांच्या बाजूने आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2006 साली सागरी श्रम करार संमत केला. तो 2013 पासून अमलात आला आणि भारताने 2015 साली त्याला मान्यता दिली. या करारानुसार नाविकाकडून भरतीसाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणतेही शुल्क घेता येत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र, नाविकाचे पुस्तक आणि पासपोर्ट यांसारखी प्रवासाची वैयक्तिक कागदपत्रे, एवढाच खर्च त्याच्यावर पडू शकतो. व्हिसाचा खर्चदेखील जहाजमालकाने करावयाचा असतो. भारत सरकारने 2016 साली केलेल्या भरतीविषयक नियमांचा आशयही हाच आहे.

म्हणजे प्रशिक्षण संस्थेचे शुल्क देणे योग्य आहे, परंतु ते संस्थेच्या बँक खात्यात भरावे आणि पावती घ्यावी. वैद्यकीय तपासणीचे शुल्क महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांना द्यावे. ही तपासणी प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वीच करून घेणे शहाणपणाचे आहे, कारण रंगांधळेपणा असल्यास नाविक अधिकारी होता येत नाही आणि हे नंतर कळले तर पैसा व वर्ष दोन्ही वाया जातात. "जागा राखून ठेवण्याची रक्कम", "कंपनीची अनामत", "जॉइनिंग चार्जेस", "कप्तानाला द्यावयाचे" अशा नावांनी मागितलेला पैसा मात्र देऊ नये. तो रोख मागितला जात असेल आणि पावती नाकारली जात असेल, तर निराळ्या पुराव्याची गरज नाही.

जमीन गहाण ठेवून वा आईचे दागिने मोडून असा पैसा उभा केला जातो, तेव्हा हानी केवळ रकमेची होत नाही. पैसे परत येत नाहीत म्हणून मुलगा मिळेल त्या जहाजावर जाण्यास तयार होतो. काही तरुणांना पर्यटक व्हिसावर आखाती देशांत पाठविले जाते आणि तेथे जुनाट जहाजावर चढविले जाते. वेतन थकते, मालक जहाज सोडून देतो, पासपोर्ट दुसऱ्याच्या हाती असतो. आंतरराष्ट्रीय परिवहन कामगार महासंघाने 2024 सालाची जी नोंद प्रसिद्ध केली, तिच्यात मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या नाविकांमध्ये भारतीयांची संख्या सर्वाधिक होती. परवानाधारक संस्थेमार्फत गेलेल्या नाविकाची शासनाकडे नोंद असते आणि संकटात कोणाला जाब विचारावयाचा, हे ठाऊक असते. चोरवाटेने गेलेल्याला शोधण्यातच मौल्यवान दिवस निघून जातात.

परिचिताला नकार कसा द्यावा?

अनोळखी मनुष्याला "नाही" म्हणणे सोपे असते, नातेवाइकाला कठीण. म्हणून काही साधे नियम घरात आधीच ठरवावेत.

पहिल्या भेटीत पैसे द्यावयाचे नाहीत, मग कोणीही असो. जे तोंडी सांगितले, ते कागदावर किंवा निदान मोबाइलवरील संदेशात लिहून मागावे : अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव, संस्था, एकूण खर्च, प्रायोजक कंपनी, जहाज-प्रशिक्षणाची हमी. "तुमच्यावर अविश्वास नाही काका, पण बँकेला आणि घरच्यांना कागद दाखवावा लागतो," एवढे नम्रपणे म्हणता येते. प्रामाणिक मनुष्य याने दुखावत नाही. तो कागद आणून देतो. जो रागावतो, घाई करतो, "एवढा विश्वास नसेल तर राहू द्या" असे म्हणतो, त्याने आपले उत्तर दिलेले असते.

दुसरे, एका छोट्या असत्यालाही महत्त्व द्यावे. अभ्यासक्रमाच्या कालावधीविषयी वा परीक्षेविषयी मध्यस्थाने सांगितलेली एखादी गोष्ट अधिकृत माहितीपत्रकाशी जुळली नाही, तर "त्याची काहीतरी गफलत झाली असेल" अशी समजूत घालून पुढे जाऊ नये. ज्याचा लाभ आपल्या प्रवेशावर अवलंबून आहे, त्याच्या गफलती सहसा एकाच दिशेने होतात.

तिसरे, ज्याला काहीच लाभ नाही, अशा दोघांना तरी विचारावे : त्याच संस्थेतून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला विद्यार्थी आणि सध्या जहाजावर अधिकारी असलेली व्यक्ती. "तुमच्या वर्गातील किती जणांना किती महिन्यांत जहाज मिळाले?" हा प्रश्न सुट्टीवर आलेल्या अधिकाऱ्याला विचारता येतो. आपल्या बहुतेक गावांत असे कोणी ना कोणी आढळते.

चौथे आणि महत्त्वाचे म्हणजे निर्णयात मुलाचा वा मुलीचा आवाज असू द्यावा. महिनोन्महिने घरापासून दूर राहणे, रात्री-अपरात्री पहारा, इंजिनखोलीतील उकाडा, हे ज्याला भोगावयाचे आहे, त्याने ते समजून स्वीकारले पाहिजे. पालकांची हौस आणि दलालाची घाई यांमध्ये तरुण मूक राहिले, तर मान्यताप्राप्त संस्थेतील प्रवेशदेखील चुकीचा ठरू शकतो.

फसवणूक झाली असल्यास

लाजेखातर गप्प बसणे हे दलालाचे सर्वांत मोठे संरक्षण आहे. बँकेचे व्यवहार, पावत्या, संदेश, जाहिराती व दिलेली पत्रे जपून ठेवावीत. मूळ गुणपत्रिका व पासपोर्ट दलालाकडे अडकले असल्यास तेही तक्रारीत नमूद करावे. स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्याची तरतूद आहे. पैसे ऑनलाइन पाठविले असल्यास 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठविता येण्याची शक्यता अधिक असते. त्याचबरोबर मुंबईतील नौवहन महासंचालनालयाकडे तक्रार करावी. मुलगा परदेशात अडकला असल्यास तेथील भारतीय दूतावासाशी आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदत' या पोर्टलवर संपर्क साधावा. नाविकांच्या संघटनाही अशा प्रसंगी साहाय्य करतात.

धर्मग्रामाची जबाबदारी

ख्रिस्तसभेला दर्यावर्दींची चिंता नवी नाही. 1920 साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे सुरू झालेले नाविकांसाठीचे प्रेषितकार्य आज 'स्टेला मारिस' या नावाने जगभरच्या बंदरांत चालते आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी आपण सागर रविवार पाळतो. परंतु बंदरावर पोहोचलेल्या नाविकाची विचारपूस करण्यापूर्वी, घरातून निघणाऱ्या तरुणाला योग्य दाराशी पोहोचविणे हेही आपले काम आहे.

त्यासाठी फार मोठी योजना नको. बारावीच्या निकालानंतरच्या एखाद्या रविवारी धर्मग्रामातील निवृत्त व सुट्टीवरील जहाज-अधिकाऱ्यांनी सभागृहात दोन तास बसावे, युवकांचे प्रश्न ऐकावेत, संगणकावर अधिकृत याद्या उघडून दाखवाव्यात. चर्चच्या फलकावर भरतीची जाहिरात लावण्यापूर्वी परवाना क्रमांक तपासला जावा. पॅरिश कौन्सिलचा सदस्य असणे वा फादरांशी ओळख असणे, हे कोणाच्याही व्यवसायाचे प्रमाणपत्र नव्हे, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे. आणि जो फसला, त्याला "तुला अक्कल नव्हती काय?" असे विचारण्याऐवजी त्याची हकिकत ऐकून घ्यावी. त्याने मोकळेपणाने सांगितले, तर त्याच आळीतील पुढचे घर वाचते.

दर्या आपल्या तरुणांना आजही बोलावीत आहे आणि त्यांनी जावे. मात्र ज्या कागदावर सही करावयाची, तो वाचून, ज्या यादीत नाव असावयास हवे, ती पाहून आणि ज्या प्रश्नांची उत्तरे हवीत, ते निःसंकोच विचारून जावे.